लंडनची जोन आणि तिची घोरपड

घोरपड म्हटलं की आपल्याला आधी तानाजी आठवतो. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, कोंढाण्याचा उभा कडा, कमरेला दोर बांधलेली यशवंती नावाची घोरपड आणि तिच्यामागून वर चढणारे मावळे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास इंग्रजीतून असायचा, पण ही गोष्ट सांगताना टीचर हटकून मराठीवर यायच्या. घोरपडीला इंग्रजीत तो जोरच नाही! अभ्यासक म्हणतात की यशवंतीची गोष्ट ही दंतकथा आहे, मावळे स्वतःच्या हिमतीवर कडा चढले. असेलही. मला मात्र लहानपणापासून एक वेगळाच प्रश्न छळत आला आहे. लढाईची ती एक रात्र सोडली तर बाकीचे दिवस ती घोरपड राहायची कुठे? तिला खायला कोण घालायचं? थंडीत गारठली तर? चिडली तर? एवढ्या नख्यांचा आणि जबड्याचा प्राणी पाळणं म्हणजे काय खायचं काम आहे!

मागच्या सेमिस्टरला ओरल्स संपल्यावर हा प्रश्न घेऊन मी वाचायला बसले आणि वसईहून थेट लंडनला पोचले. तिथे मला जोन प्रॉक्टर भेटली. जगातल्या सगळ्यात मोठ्या घोरपडीला सोबत घेऊन ती झूमध्ये फेरफटका मारायची. प्राणिसंग्रहालयांच्या जगात तिचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. आपल्या हॉस्टेलवर विचारलं तर एकालाही माहीत नव्हतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

जोनचा जन्म ५ ऑगस्ट १८९७ चा, लंडनमधला. घरची परिस्थिती चांगली होती. त्या काळातल्या खात्यापित्या घरच्या मुलींनी बाहुल्या खेळाव्यात, पियानो शिकावा, अशी अपेक्षा. ही बाई दहाव्या वर्षीच घरात साप आणि सरडे पाळायला लागली. डाल्मेशिया भागातली एक पाल तिची फार लाडकी होती. प्रवासाला निघाली की पाल सोबत, आणि जेवायला बसली की पाल टेबलावर तिच्या शेजारी! आपल्या घरात ट्यूबलाइटमागून पाल चुकचुकली तरी केरसुणी शोधायला धावपळ होते. जोनच्या आईवडिलांची मला कमाल वाटते.

तिची शाळा हॅमरस्मिथमधली सेंट पॉल्स मुलींची शाळा. सोळाव्या वर्षी तिला एक छोटी मगर मिळाली. ती घेऊन जोन एक दिवस गणिताच्या तासाला गेली. पुढे वर्गात काय झालं असेल ते ज्यानं एकदा तरी एम-थ्रीचं लेक्चर अटेंड केलं आहे त्याला सांगायला नको. आम्ही पण मगर आणली असती तर तास सुटला असता, पण ते असो.

इथपर्यंत तिचं आयुष्य गमतीचं वाटतं. पण लहानपणापासून तिला आतड्यांचा जुनाट आजार होता. पोटदुखी, ऑपरेशनं, महिनोन् महिने अंथरूण. हुशारीच्या जोरावर ती केंब्रिजला सहज गेली असती, पण तब्येतीनं साथ दिली नाही आणि कॉलेज राहूनच गेलं. तेव्हा केंब्रिज मुलींना शिकू द्यायचं, परीक्षेला बसू द्यायचं, पण पूर्ण पदवी द्यायचं नाही. ती मिळायला १९४८ साल उजाडलं. म्हणजे जोन गेली असती तरी हातात पदवी पडलीच नसती. आपण एका केटीसाठी जीव टाकतो, हिनं विनापदवी पुढे काय केलं ते बघा.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागात जॉर्ज बूलांजे नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. सरपटणारे प्राणी आणि मासे हा विभाग त्यांच्याकडे. हिंदुस्थानातल्या सरपटणाऱ्या आणि बेडकांच्या जातींवरचा १८९० सालचा जाडजूड ग्रंथ त्यांचाच. म्हणजे आपल्या वाडीतली घोरपड त्यांना लंडनमध्ये बसून ठाऊक होती. जोन शाळेत असल्यापासून त्यांच्याकडे प्रश्न घेऊन जायची. पोरीची चिकाटी बघून १९१६ मध्ये त्यांनी तिला हाताखाली घेतलं. पुढच्याच वर्षी, एकोणीस वर्षांची असताना, तिनं अमेरिकेतल्या एका विषारी सापाच्या जातीतल्या फरकांवर झूऑलॉजिकल सोसायटीपुढे निबंध मांडला आणि ती सोसायटीची फेलो झाली. माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान! १९२० मध्ये बूलांजे निवृत्त झाले आणि आयुष्यभर साप-सरडे मोजल्यावर गुलाबांचा अभ्यास करायला बेल्जियमला निघून गेले. त्यांच्यामागे सरपटणाऱ्यांचा विभाग जोननं सांभाळला. बाटल्यांतले नमुने तपासायचे, नव्या जातींची वर्णनं लिहायची, प्रदर्शनासाठी स्वतःच्या हातानं प्राण्यांची मॉडेल्स बनवून रंगवायची. हे शेवटचं काम लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

१९२३ मध्ये लंडन झूमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या क्युरेटरची जागा रिकामी झाली आणि ती जोनला मिळाली. तेव्हा तिचं वय पंचवीस-सव्वीस. या जागेवर बसलेली ती पहिली बाई. वर्तमानपत्रांना आयताच विषय मिळाला, कारण आता अजगर आणि मगरी एक बारीक अंगाची, सतत आजारी असणारी तरुण मुलगी हाताळणार होती.

आता थोडं त्या जागेबद्दल. लंडन झूचं सर्पालय १८४९ मध्ये उघडलं, ते जगातलं पहिलं. तीनच वर्षांत, १८५२ मध्ये, तिथला एक रखवालदार दारूच्या नशेत सापांशी खेळ करायला गेला. विषारी नाग अंगाजवळ घेतला, तो चेहऱ्यावर चावला आणि माणूस गेला. मला वाटतं, धोकादायक प्राणी पाळण्याचे दोन रस्ते आहेत. एक त्या रखवालदाराचा, लोकांना आपली छाती दाखवण्याचा. दुसरा जोनचा, आणि तो रस्ता सगळा इंजिनिअरिंगमधून जातो. म्हणून तर मी तो आपल्या मॅगझिनमध्ये लिहिते आहे.

जोननं आधी झूच्या नव्या मत्स्यालयातल्या टाक्यांची आतली रचना करायला मदत केली. ते १९२४ मध्ये उघडलं. मग तिनं नव्या सर्पालयाचा विचार सुरू केला. एडवर्ड गाय डॉबर नावाचे आर्किटेक्ट इमारतीला होते, पण आत काय हवं हे सगळं जोनचं. मॉडेल बनवायची सवय इथे कामी आली. १९२७ मध्ये ही इमारत लोकांसाठी खुली झाली. तिच्यात विशेष काय होतं ते नीट समजून घेऊ.

आपलं शरीर स्वतःची उष्णता स्वतः तयार करतं. घोरपडीचं तसं नाही. तिच्या अंगात हीटर नाही, ती स्वतःच चालती-फिरती थर्मोस्टॅट आहे. सकाळी उन्हात दगडावर पसरायचं, अंग साधारण ३५ अंशांच्या आसपास आलं की शिकारीला निघायचं, जास्त तापलं की सावलीत किंवा बिळात शिरायचं. अन्न पचवायलासुद्धा तिला ऊब लागते. पोटात उंदीर असून अंग थंड राहिलं तर तो उंदीर आतच सडतो. आता अशा प्राण्याला तुम्ही एका खोलीत कोंडलं आणि सगळ्या खोलीचं तापमान अगदी सारखं ठेवलं, समजा अगदी बरोबर तापमान ठेवलं, तरी तुम्ही तिच्या हातातून थर्मोस्टॅटचं बटन काढून घेतलंत. तिला कुठे जायचा पर्यायच उरला नाही.

जोननं हे ओळखलं. तिच्या सर्पालयात प्रत्येक पिंजऱ्याला वेगवेगळी विजेची ऊब होती आणि एकाच पिंजऱ्यात एक जागा तापलेली, दुसरी थंड. प्राण्यानं आपलं आपण ठरवायचं. हीट ट्रान्सफरच्या पेपरात आपण टेंपरेचर ग्रेडियंट काढतो आणि विसरून जातो, तिनं तो एका अजगराच्या सोयीसाठी काढला.

दुसरी गोष्ट उजेडाची. उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्याशिवाय हाडांना कॅल्शियम मिळत नाही. माणसाच्या पोरांना मुडदूस होतो तसाच तो सरड्यांनाही होतो. हाडं वाकतात, जबडा रबरासारखा मऊ पडतो. साध्या काचेतून हे किरण आत येत नाहीत. त्या सुमारास व्हिटा ग्लास नावाची नवी काच निघाली होती, तिच्यातून ते येत. जोननं ती बसवून घेतली. ज्या काळात घरोघरी वीजसुद्धा पोचली नव्हती त्या काळात सापांच्या काचेची एवढी काळजी!

तिसरी गोष्ट माणसांची. बघणाऱ्यांचा बोळ तिनं अंधारा ठेवला आणि उजेड फक्त पिंजऱ्यांत सोडला, मत्स्यालयात असतो तसा. त्यामुळे काचेवर आपलंच प्रतिबिंब पडत नाही, प्राणी स्वच्छ दिसतो, आणि मागे प्रत्येकाच्या गावासारखे दगड, झाडं, देखावा. हे दगडही बहुतेक बनवलेलेच.

आणि याच वर्षी, १९२७ मध्ये, तिच्या दारात ड्रॅगन आले.

कोमोडो ड्रॅगन म्हणजे आपल्या घोरपडीचा थोरला चुलतभाऊ. शास्त्रीय नावात दोघांचं कूळ एकच, व्हॅरॅनस. आपली घोरपड शेपटीसकट जास्तीत जास्त पावणेदोन मीटरपर्यंत भरते. कोमोडो तीन मीटरपर्यंत जातो, वजन माणसाएवढं किंवा जास्त, आणि तो हरीण, रानडुक्कर, वेळ आली तर म्हैससुद्धा मारतो. इंडोनेशियातल्या कोमोडो, रिंचा, फ्लोरेस अशा मोजक्या बेटांवरच तो आहे. तिथल्या लोकांना तो कायमचाच ठाऊक होता, पण शास्त्रज्ञांना त्याची ओळख झाली १९१२ मध्ये, जावातल्या म्युझियमच्या पीटर औवेन्स यांच्या निबंधातून. १९२६ मध्ये डग्लस बर्डन नावाचा अमेरिकन मोहीम घेऊन कोमोडोला गेला आणि दोन जिवंत ड्रॅगन न्यूयॉर्कला घेऊन आला. ते फार काळ जगले नाहीत. बर्डनच्या या गोष्टीतूनच पुढे किंग काँग सिनेमाची कल्पना निघाली. बेटावरचा राक्षस शहरात आणायचा आणि तो शहरात मरायचा. सिनेमात राक्षस विमानांच्या गोळ्यांनी मेला. खऱ्या आयुष्यात असे पाहुणे बहुतेक वेळा थंडीनं, चुकीच्या खाण्यानं आणि भीतीनं मरतात, आणि त्याचा सिनेमा होत नाही.

लंडनला आलेल्या दोघांची नावं सुम्बावा आणि सुम्बा. त्यांच्याबद्दल तेव्हा वाट्टेल त्या कथा होत्या. हे माणूसखाऊ आहेत, हे बहिरे आहेत, हे बिनडोक आहेत. जोन नवं सर्पालय घेऊन त्यांची वाटच बघत होती. ऊब तयार, उजेड तयार, जागा तयार. त्यानंतर तिनं जे केलं ते कुठल्याही सर्कशीत होत नाही. तिनं त्यांना बघितलं. रोज, न चुकता.

घोरपडीच्या कुळातले प्राणी न सांगता अंगावर येत नाहीत. आधी गळा फुगवतात, अंग चपटं करून मोठं दाखवतात, कुकरची शिट्टी गळावी तसा फुस्स आवाज काढतात, शेपटीचा कोयता मागे ओढून धरतात. हे सगळं म्हणजे त्यांच्या भाषेतलं दूर हो. जो वाचतो तो वाचतो. जो वाचत नाही त्याच्यावर शेपटी येते, मग दात. जोनला ही भाषा येत होती. वेळच्या वेळी खाणं, तीच माणसं, तोच आवाज, कुठेही घाई नाही. हळूहळू सुम्बावा इतका माणसाळला की तिच्यासोबत झूमधून फिरायला निघायचा. लहान मुलांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला आहे. ड्रॅगन बहिरे असतात ही कथाही लंडनमध्येच मोडली. बाई डोळ्यांसमोर नसताना नुसत्या तिच्या हाकेवर तो खायला बाहेर यायला शिकला होता. बहिरा प्राणी हाकेला ओ देईल का?

२३ ऑक्टोबर १९२८ ला जोननं कहर केला. झूऑलॉजिकल सोसायटीच्या सभेत, जिथे एरवी शास्त्रज्ञ मेलेले नमुने आणि तक्ते घेऊन यायचे, तिथे ती जिवंत कोमोडो ड्रॅगन घेऊन गेली. त्याला तिथेच कोंबडी, अंडी, कबूतर असं हातानं भरवलं. तो गिळत होता आणि ती त्याला थोपटत होती. समोरच्या दाढीवाल्या विद्वानांची तोंडं कशी झाली असतील याचा विचार करून मला आजही बरं वाटतं. आपल्या व्हायवाला एक्स्टर्नलसमोर वर्किंग मॉडेल नेण्यासारखंच हे. फक्त हे मॉडेल चावू शकत होतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. जोनला जे माहीत नव्हतं ते आज आपल्याला माहीत आहे. अनेक वर्षं असं मानत होते की ड्रॅगनच्या लाळेतल्या घाणेरड्या जंतूंमुळे जखम सडते आणि शिकार मरते. २००९ मध्ये ब्रायन फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याच्या खालच्या जबड्यात चक्क विषाच्या ग्रंथी आहेत. ते विष रक्त गोठू देत नाही आणि रक्तदाब पाडतं. २०२४ मध्ये तर असं कळलं की त्याच्या करवतीसारख्या दातांच्या धारेवर लोखंडाचा थर असतो. आपण हॅकसॉच्या ब्लेडला धार टिकावी म्हणून काय काय करतो, हा जन्मतःच तयार! २००१ मध्ये लॉस एंजेलिसच्या झूमध्ये खास परवानगी काढून एका पाहुण्याला ड्रॅगनच्या पिंजऱ्यात नेलं होतं. त्याचे पांढरे बूट ड्रॅगनला उंदीर वाटू नयेत म्हणून ते काढायला सांगितले. ड्रॅगननं उघड्या पायाचाच लचका तोडला, ऑपरेशन करावं लागलं. २००७ मध्ये कोमोडो बेटावर आठ वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला. म्हणजे सुम्बावाच्या पाठीवर हात फिरवणारी ती लंडनची पोरं ज्या जबड्याशेजारी उभी होती त्याची पूर्ण कल्पना कुणालाच नव्हती, जोनलाही नाही. आज कुठलंही जबाबदार झू तसं करू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

मग जोन नुसतीच नशीबवान होती का? मला तसं वाटत नाही. पोट भरलेला, ऊब मिळालेला, न घाबरलेला प्राणी विनाकारण चावत नाही, हे तिचं गणित आजही टिकून आहे. वॉशिंग्टनच्या झूमध्ये १९९२ मध्ये अंड्यातून निघालेली क्रॅकन नावाची ड्रॅगन मादी तर रखवालदाराच्या खिशातून रुमाल ओढायची, बूट आणि डबे घेऊन कुत्र्याच्या पिलासारखी खेळायची. २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यावर निबंध लिहिला. खाणं कुठलं आणि खेळणं कुठलं हे तिला पक्कं कळत होतं. बिनडोक म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे.

आता आपल्याकडे येऊ. वसईत घोरपड नवीन नाही. तुंगारेश्वरच्या जंगलात ती आहे, केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांमध्ये आहे, पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की ती रस्त्यावर येते. गेल्या जुलैत एक मधल्या आकाराची घोरपड हॉस्टेलच्या मेसच्या स्टोअररूममध्ये शिरली तेव्हाचा गोंधळ सगळ्यांना आठवत असेल. कुणीतरी तिच्यावर निळं प्लास्टिकचं पिंप पालथं घातलं, वर गॅसचा सिलिंडर ठेवला. अर्ध्या तासात नाव ठेवून झालं, फोटो काढून झाले, आणि तिला पाळायचं की नाही यावर रात्री दोनपर्यंत चर्चा. जळगावचे म्हणाले पाळू, कोल्हापूरचे म्हणाले सोडू, विरारचे म्हणाले आधी जेवू. सकाळी वॉर्डनसरांनी वनखात्याला फोन केला आणि त्यांची माणसं येऊन तिला घेऊन गेली.

त्या रात्री पाळू म्हणणाऱ्यांचं चुकीचं काय होतं हे मला जोनचं आयुष्य वाचल्यावर नीट कळलं. त्यांच्यात हिंमत कमी नव्हती, प्रेमही होतं. नव्हता तो ग्रेडियंट. पिंपात एकच तापमान असतं, एकच अंधार असतो आणि बाहेरून सतत थापा. जोनला दोन ड्रॅगन ठेवण्यासाठी एक आख्खी इमारत उभी करावी लागली आणि त्याआधी आयुष्यातली वीस वर्षं साप-सरड्यांसोबत घालवावी लागली.

कायद्याचं म्हणाल तर घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. पकडणं, मारणं, पाळणं, विकणं, सगळाच गुन्हा, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैद व वर दंड. तरीही तिचे हाल थांबलेले नाहीत. तेलासाठी, मटणासाठी तिला मारतात. हत्ताजोडी नावाची एक मुळी दुकानात मिळते, पैसा टिकतो म्हणून लोक ती तिजोरीत ठेवतात. ती मुळी नसतेच. ती नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रियं असतात, आणि २०१७ मध्ये प्रयोगशाळेतल्या तपासणीनंतर हे जगभर छापून आलं. गोव्याचं घुमट हे वाद्य पूर्वी घोरपडीच्या कातड्यानं मढवायचे. आता ते बकऱ्याच्या कातड्यावर वाजतं आणि २०१९ मध्ये गोवा सरकारनं त्याला राज्याच्या वारशाच्या वाद्याचा मान दिला. घोरपड वाचली तरी घुमट वाजायचं काही थांबलं नाही.

जोनकडे परत जाऊ. सर्पालय उघडल्यानंतरची तिची वर्षं फार थोडी होती. आजार वाढत गेला, चालणं अवघड झालं. तेव्हा ती विजेवर चालणाऱ्या खुर्चीत बसून झूमधून फिरायची आणि सुम्बावा शेजारून चालायचा. आजारी सापांची तोंडं उघडून औषध लावणं, मगरींची ऑपरेशनं, अजगरांना जबरदस्तीनं खाऊ घालणं हे जमेल तेवढं ती शेवटपर्यंत करत राहिली. १९३१ मध्ये शिकागो विद्यापीठानं तिला डॉक्टरेट दिली. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या मुलीला! त्याच वर्षी २० सप्टेंबरला ती गेली. वय अवघं चौतीस. टांझानियातल्या डोंगरांमधल्या एका छोट्या जंगली सापाला तिचं नाव दिलेलं आहे, आणि तिचा संगमरवरी अर्धपुतळा तिनंच उभारलेल्या सर्पालयात बसवला गेला.

स्वतःच्या शरीरानं तिला कधी सुख दिलं नाही. कदाचित म्हणूनच दुसऱ्याच्या शरीराला काय हवं, किती ऊब, किती उजेड, किती एकांत, हे तिला न सांगता कळत असावं. हा माझा आपला अंदाज. पण तिच्या मृत्यूनंतर पंचाहत्तर वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच लंडन झूमधल्या सुंगाई नावाच्या मादीनं नराशिवाय घातलेल्या अंड्यांतून पिलं निघाल्याचं जाहीर झालं. ड्रॅगनची मादी एकटी असताना पिलं देऊ शकते हे सगळ्या जगाला पहिल्यांदाच कळलं. झूमध्ये कुणीतरी त्यांना नीट ठेवत आणि नीट बघत होतं म्हणून हे कळलं. २०२१ पासून कोमोडो ड्रॅगन धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. समुद्र चढतो आहे, बेटं लहान आहेत. पुढे कधी या प्राण्यांना झूमध्ये जपायची वेळ आली तर जोनच्या वाटेनं गेलेली माणसंच उपयोगी पडतील.

तर मित्रांनो, पाऊस पुन्हा येईल आणि घोरपडही पुन्हा येईल. आली तर पिंप शोधू नका. खोलीचं दार बाहेरच्या बाजूनं उघडं ठेवा, चार पावलं मागे सरका, तिला वाट द्या, आणि ती निघाली नाही तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. तोवर लांबून बघा. ती गळा फुगवते का, जीभ किती वेळा बाहेर काढते, उन्हाच्या कवडशाकडे कशी सरकते. जोननं दहाव्या वर्षी याच गोष्टी बघायला सुरुवात केली होती.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)